दारातला तिसरा जोड

"लॉज म्हणायचं का धर्मशाळा? कुणीबी येतंय आन् आमच्या दारात चपला काढतंय!" करुणा पुटपुटली.

गोव्यात बचत गटाचा स्टॉल लावून देशावर, काळ्या रानातल्या खुटबावला परतताना ती आणि गटातली गौतमी घटकाभर विसाव्याला रत्नागिरीत लॉजवर उतरल्या होत्या. थिबा राजवाडा बघून, चपला बाहेर काढून जरा आडव्या झाल्या, उठून बघतात तर दारात तिसरा जोड. ओल्या काळ्या मातीनं भरलेला.

करुणानं तो जिन्याखाली भिरकावला. तोंड धुऊन येते, तर पुन्हा दारात. टोकं खोलीकडं वळलेली.

तिनं मॅनेजरला वर बोलावून फैलावर घेतलं.

"अहो ताई, आमची माती तांबडी. ही काळी इथं कुठून येणार?"

"मलाच विचारताय व्हय?" ती कडाडली.

दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेल्या सासूला, सोजरबाईंना, ती शेजारणीवर सोपवून आली होती. दारातल्या त्या चपलेचा तुटका अंगठा मोटारीच्या निळ्या वायरीनं बांधलेला होता. गाठ करुणाच्याच हातची. तिकडं न बघता ती मॅनेजरवरच तोंडसुख घेत राहिली.

शेवटी गौतमीनं तिचा हात धरला.

"त्यांना नका बोलू, ताई. घरी फोन लावा. सोजरआत्या आल्यात."