पुढच्या तारखांच्या फायली

“अहो मावशी, उद्याचा दिवस अजून उजाडायचाय, आणि तुमच्या फायली पाच-पाच वर्षं पुढच्या! मशीनला मक्याची दारू पाजता की काय?”

ग्रोवेर खो खो हसला. राजधानीतून त्याला या खाणगावच्या रेडिओ केंद्रावर कॉम्प्युटरचं मशीन दुरुस्त करायला पाठवलं होतं, आणि आल्यापासून स्वारीचं नाक मुरडलेलंच होतं. काळ्या पडद्यावर त्यानं एक ओळ ठोकली: आत्ताच्या क्षणाहून पुढची तारीख असलेली प्रत्येक फाइल दाखव. भराभर यादी उतरली.

“त्या तारखा बरोबर आहेत हो,” निवेदिका दोन्या एल्विरा म्हणाली. “शनिवारी वस्तीतल्या येनीचा पंधरावा वाढदिवस. त्यात तिच्या आईचा...”

“वाढदिवस गेला खड्ड्यात! तुम्ही आपलं माइकसमोर बोला. हे डोक्याचं काम आहे.”

तिनं त्याचा हात धरला. त्यानं झटकला. साहेबांनी एका फटक्यात प्रत्येक फाइलला ध्वनिमुद्रणाची खरी तारीख चिकटवली. आता अंगात आलंच होतं, म्हणून सफाईही चालवली. महिन्याहून जुनं ते सगळं पुसायचं, हा इथला शिरस्ता. डिस्क ती केवढीशी!

“माझी सफाई म्हणजे सफाई,” तो म्हणाला. “गेलं ते परत येत नाही.”

दोन्या एल्विरानं माइकसमोरची खुर्ची त्याच्यापुढे ओढली.

“मेल्या, वाजवायच्या दिवसाची तारीख घालतो आम्ही फाइलला. म्हणजे तोवर सफाई तिला खात नाही. येनीच्या आईनं, रोसेंदानं, मरायच्या आधी याच खुर्चीत बसून, खोकत खोकत, लेकीच्या एकेका वाढदिवसाचा निरोप बोलून ठेवला होता. पार तिच्या लग्नाच्या वयापर्यंत. त्या दिवशी सगळी वस्ती रेडिओला कान लावून बसते रे! शनिवारी काय ऐकवू मी त्या पोरीला?”

ग्रोवेरच्या तोंडचं पाणी पळालं. एखादी तरी राहिली असेल, म्हणून त्यानं तीच ओळ पुन्हा ठोकली.

पडदा कोराच राहिला. चुकीच्या तारखेची एकही फाइल आता उरली नव्हती.