एक हरीण, दोन बार

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. बर्फ असा पडत होता की पडतोय असं वाटतच नव्हतं, झाडंच हळूहळू वर चाललीत असं वाटत होतं. आणि त्या सगळ्या पांढऱ्यात, मचाणावर दोघंच. म्हातारा एस्को आणि त्याची पोरगी हेल्मी. खांद्याला खांदा लावून, मांडीवर रायफली, खिशात गार झालेली पास्टी, खिमा-बटाट्याची मोठी करंजीच म्हण.

एस्कोचे डोळे गेलेत. म्हणजे पार नाही, मधोमध धुकं आलंय, कडेकडेचं दिसतं. हे फक्त हेल्मीला माहितेय. घरी तो कॉफी कपाच्या बाहेर ओततो आणि म्हणतो, टेबल वाकडंय. शिकारीच्या कॅम्पवर कुणाला पत्ताच नाही. तिथं भिंतीवर शर्टांची टोकं ठोकलीत, ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, खाली नाव लिहायचं. सगळ्यांची नावं आहेत तिथं. एस्कोचं नाही. तो नेहमी म्हणतो, "माझा शर्ट भिंतीवर गेला ना, की बंदूकही भिंतीवर." आणि तो बोलला की बोलला, मग देव आला तरी ऐकत नाही.

तर हरीण. आलं कधी ते दिसलंच नाही गं. आधी नुसती देवदारं होती, आणि मग त्या देवदारांत एक हरीण होतं. शिंगांवर बर्फ. कान तेवढे हलत होते.

हेल्मी कुजबुजली, "बाबा, देवदारापाशी."

"दिसलं. आता तू मला शिकवणार?"

त्यानं रायफल खांद्याला लावली. गाल लाकडाला टेकला, श्वास अर्धा सोडला, सगळं अगदी तसंच, जसं त्यानंच तिला शिकवलेलं. फक्त नळी देवदाराकडे नव्हती. पार उजवीकडे, एका भूर्जाच्या झाडाकडे होती. भूर्जापाशी काहीच नव्हतं. मागं नुसतं टेकाड आणि बर्फ. आणि एस्कोचा चेहरा असा, जणू समोरून कुणी ओळखीचं येतंय.

तिनं आपली रायफल उचलली. देवदाराकडे. एक डोळा हरणावर, कान बापाच्या श्वासाकडे. तो थांबला, ती थांबली.

दोन्ही बार एकदमच झाले.

भूर्जाची साल उडाली, एखादा पांढरा पक्षी उडावा तशी. हरीण दोन पावलं चाललं, काहीतरी आठवल्यासारखं थांबलं, आणि बर्फात बसलं. मग मान टाकली.

"तू पण मारलीस?" एस्को म्हणाला.

"मारली. घाई झाली, बाबा."

"गोळी कुठं गेली?"

"काय माहीत."

तेवढ्यात खालच्या वाटेनं आर्नी आला, एस्कोच्या बहिणीचा मुलगा, नारिंगी जॅकेटात धापा टाकत. मचाणाखालची दोन रिकामी काडतुसं उचलली, हरणाला इकडून तिकडून पाहिलं आणि खिदळायला लागला. "दोन काडतुसं, एकच भोक! म्हणजे आज कुणाचा तरी शर्ट गेला!"

दोघं खाली उतरली, आणि एस्को हरणाजवळ गुडघ्यांवर बसला. मानेवर हात ठेवला, अजून गरम होती. मग बोटांनी शिंगाची टोकं मोजली, हळूहळू, जपमाळ ओढावी तशी. "आठ," तो म्हणाला. "काय उभा होता गं! त्या भूर्जाला टेकून. माझ्याकडेच बघत होता. जणू म्हणत होता, किती उशीर केलास, एस्को."

हरीण पडलं होतं तिथून भूर्ज एवढं लांब, की मध्ये अख्खा ट्रक वळला असता. आर्नीचं तिकडे लक्षच नव्हतं, तो सुरीची धार अंगठ्यावर बघत होता.

"आर्नी," एस्को म्हणाला, "पुढच्या वर्षी मी एकटाच बसणार इथं. ही पोरगी फार घाई करते. तू असं कर, तुझी पोरं खालून पाठव. हाकारा करत, हरणं माझ्याकडे काढत येऊ देत. मी आहे इथं."

"पोरं तर नाचतील, मामा! रोज विचारतात, एस्को आजोबा आम्हाला कधी नेणार."

"सांग त्यांना, पुढच्या वर्षी."

मग आर्नी हेल्मीकडे वळला. "चल गं नेमबाज, फिर तिकडं. जॅकेट वर. आणि रडायचं नाही."

"शर्ट नवा आहे रे, मेल्या."

"मग भिंतीवर शोभेल!"

ती फिरली. शर्ट पॅन्टमधून बाहेर ओढला. आणि आता तिच्या बरोब्बर समोर ते भूर्ज. खोडावरची जखम ताजी, पिवळी, ओली. त्यात बर्फ भरत होता, एकेक पाकळी करून. अजून थोडा वेळ, आणि झाड पुन्हा सगळं पांढरं होणार होतं, मग काही झालं होतं हे कुणालाच दिसलं नसतं. मागं बाप हसत होता. इतका मोकळा, की तिला वाटलं, हा बर्फ असाच पडत राहावा, आणि पोरं खालून येणार ते पुढचं वर्ष येऊच नये.

पाठीला सुरीचं गार पातं लागलं. आर्नी म्हणाला, "कापू ना?"

आता तू सांग. तू पाठ तशीच ठेवली असतीस, की वळून खरं सांगितलं असतंस?