सेन्सरची परीक्षा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात ज्ञानदाच्या टेबलापाशी परीक्षक थांबले. तिच्या जांभळ्या द्रावणात सोन्याचे अतिसूक्ष्म कण डीएनएच्या धाग्यांनी बांधलेले होते. शरीरातल्या अ‍ॅडेनोसिनचा रेणू भेटला की धागे सुटून द्रावण लाल व्हायचं; हाच तिचा सेन्सर. परीक्षकांनी खिशातून बाटली काढली. "यात अ‍ॅडेनोसिन आहे. दाखव ओळखून." तिने थेंब टाकला. जांभळा रंग ढिम्म हलेना. मागून बाबा कुजबुजले, "सॉरी म्हण गं, तुझंच काहीतरी चुकलं असेल." ज्ञानदाने त्याच जांभळ्या द्रावणाच्या दुसऱ्या नळीत स्वतःकडच्या अ‍ॅडेनोसिनचा थेंब सोडला. नळी लगेच लालबुंद झाली. "सर, माझा सेन्सर ठीक आहे. तुमच्याच बाटलीत अ‍ॅडेनोसिन नाहीये." बाबांनी डोळे मिटले. परीक्षक हसले. "साधं पाणी आहे. बाकीची मुलं मला घाबरून स्वतःच्याच प्रयोगाला नावं ठेवतात." "आमची घरीसुद्धा कुणाचं ऐकत नाही," बाबा शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंना कौतुकाने सांगू लागले.