नुसता पाइप

मुरुम गावच्या लेथवाल्या बिभीषणनं गिऱ्हाइकाला लोखंडी दांड्याला आरपार भोक पाडून एक पाइप करून दिला. पुढं कुणीतरी त्याची गावठी बंदूक केली, आणि हत्यार बनवल्याचा खटला बिभीषणवरही चालला.

"ना चाप, ना दस्ता. अर्धवट तुकड्याला हत्यार कसं म्हणायचं?" वकिलांनी कोर्टात ठासून विचारलं. न्यायाधीशांना ते पटलं आणि बिभीषण निर्दोष सुटला.

बाहेर येऊन तो पायरीवरच बसला. वकील जवळ आले.

"कोर्टानं सांगितलंय, तुमचा गुन्हा नाही. आता निवांत घरी जा."

"कसं जाऊ, साहेब? त्याच बंदुकीची गोळी वरातीत आमच्या सृष्टीला लागली. लेक गेली, तवापासून तिची आई माझ्या हातचं पाणीबी घेत न्हाय."