कुणकेश्वरचं दर्शन

शिवतेजची पोस्टिंग लेहला लागली, तेव्हापासून औंधच्या त्यांच्या घरात मासळी शिजली नव्हती. पोरगं सुखरूप परत यावं म्हणून बनुबाईनं गळ्यात माळ घातली. सुक्या बोंबलाशिवाय जिला भाकरी गोड लागत नव्हती, तिनं मासळीबरोबर कांदा-लसूणही सोडला.

आता सुट्टीवर आलेला शिवतेज बायकोला घेऊन मालवणला निघाला होता, पोटभर सुरमई खायला. आईला मात्र त्यानं सांगितलं, "कुणकेश्वरच्या दर्शनाला जातोय." संयोगिता मोबाइलवर मालवणच्या खानावळी बघत बसायची आणि सासूची चाहूल लागली की देवळाचा फोटो लावायची.

निघताना बनुबाईनं देवापुढं वाढवायला नारळ दिला. शिवतेजला तिच्याकडं मान वर करून बघवेना. गाडी सुरू झाल्यावर तिनं फडक्यात बांधलेला एक डबा खिडकीतून संयोगिताच्या मांडीवर ठेवला. दोघांना वाटलं, वाटेत खायला दशम्या असतील.

घाटात भूक लागली म्हणून संयोगितानं डबा उघडला. आत ताजी कुटलेली, लालभडक कांदा-लसणाची चटणी होती.

शिवतेजनं गाडी बाजूला घेतली आणि घरी फोन लावला. "आई," तो म्हणाला.

"तिकडचं कालवण लय मिळमिळीत असतंय रं, वरनं घालून घ्या," बनुबाई म्हणाली.

"आणि मीठ तेवढं बघ. मला चाखता आलं न्हाई."