उलटं पान

“पान उलटं केलंत का, बाबा? वरून काही कळायचं नाही. ही सगळी मंडळी पानाखाली संसार थाटतात.”

“केलं गं, ठमे. फोटो बघ.”

फोटोत बाबांचा तळहात होता. त्यावर मिरचीचं पान, आणि पानाच्या शिरेला बिलगून टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके. ठमीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.

“मावा. पान हाताला चिकट लागतंय ना?”

“पाकात बुडवल्यासारखं.”

“साबणाचं पाणी फवारा, खालच्या बाजूनं. आणि खोलीत शिरताना कपडे बदलता की नाही?”



“राहून जातं कधी कधी,” फोनवर पलीकडून बाबा म्हणाले.

ठमीनं कपाळावर हात मारला, पण आवाज न करता.

आई गेल्यावर बाबांनी घरातली मागची खोली रिकामी करून तिथं पाईप बसवले होते. माती नाही, नुसतं पाणी. भोकाभोकातून मिरची, टोमॅटो, पुदिना डोकं वर काढायचा आणि मुळं खाली पाण्यात पाय सोडून बसायची. पंप असा घुमायचा की फोनवर दोघांना ओरडून बोलावं लागे. हल्ली मात्र बाबांचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येई. फोन बदलला असेल, असं तिला वाटलं.

पंप घुमायचा तेव्हाचं बोलणं तरी काय? जेवलीस का. हो, तुम्ही? हो. मग दोघंही फोन कुणी आधी ठेवायचा याची वाट बघत.

पानाला कीड लागली आणि बोलण्याला पालवी फुटली.

ठमीचं कामच ते. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती दिवसभर कीड ओळखायची. कचेरीत तिला किडेबाई म्हणत. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी कुणी बसत नसे. तिथल्या बरण्यांकडे बघून म्हणे घास उतरत नाही. संध्याकाळी खोलीवर आली की फोन वाजायचा तो फक्त बाबांचा.

पहिल्यांदा पांढरी माशी आली तेव्हा ती फारच कडक बोलली होती. “सगळं उपटा. पाईप सोडवा, धुवा, तोंडं खाली करून वाळवा. मगच नवी रोपं लावा.”

“सगळं?”

“सगळं. दया दाखवलीत तर पुन्हा डोक्यावर बसतील.”

बाबांनी मुकाट्यानं ऐकलं. तरी पुढं फुलकिडे आले. ते गेले तर लाल कोळी आले. आणि आता हा मावा. तिनं किडे चिकटून बसतात ते पिवळे कागद पाठवले. बाबा म्हणाले, भरून गेले. मुळांचा फोटो मागितला तर म्हणाले, हात ओले आहेत.

हे काही तिच्या पचनी पडेना. बंद खोलीत कीड आपल्या पायांनी येत नाही. कुणीतरी ती आणतं, कपड्यांवरून, हातांवरून. म्हणजे बाबा विसरायला लागले होते. आज कपडे बदलायचे विसरतात, उद्या गॅस बंद करायला विसरतील. मग त्यांना एकटं कसं ठेवायचं? आणि उचलून आपल्याकडं आणायचं, तर त्या खोलीशिवाय त्यांना होतं तरी काय?

तिनं रजा टाकली. न कळवता निघाली. सोबत जाळीदार झाकणाची डबी घेतली, तिच्यात ढालकिडे होते. लाल अंगावर काळे ठिपके, आणि माव्यावर असे तुटून पडणारे की बघत राहावं.

फाटकापाशीच शेजारच्या काकूंनी अडवलं.

“बरं झालं आलीस बाई. माणूस सोन्यासारखा, पण हल्ली सगळ्यांच्या कुंपणाशी उभे राहून पानं उलटी करत असतात. माझ्या टोमॅटोला तर रोजची हजेरी. खिशात भिंग. परवा म्हटलं, भावजी, काय हरवलं? तर हसले नुसते.” काकूंनी आवाज खाली आणला. “डॉक्टरला दाखव एकदा.”

म्हणजे कीड येत होती ती इथूनच. गावभरच्या पानांतून बाबांच्या बाहीवर, आणि बाहीवरून खोलीत.

बाबा घरात नव्हते. तिच्याकडं किल्ली होती. मागच्या खोलीत शिरण्याआधी तिनं चपला काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, ओढणी बाहेरच खुंटीला टांगली. दार जेमतेम आत जाता येईल एवढंच किलकिलं केलं आणि पाठीमागं लगेच लावून घेतलं.

आत काहीच घुमत नव्हतं.

पाईप भिंतीशी ओळीनं उभे होते. स्वच्छ धुतलेले, तोंडं खाली केलेले, तिनं सांगितलं होतं अगदी तसे. जुनी कोळिष्टकं एका पाईपवरून दुसऱ्यावर गेली होती. पाण्याच्या कोरड्या टाकीवर पिवळ्या कागदांची पाकिटं रचून ठेवली होती, एकही न फोडलेलं. खोलीत एकही रोप नव्हतं. डबीत ढालकिडे जाळीवर खुडखुड करत होते.

फोन वाजला. खिडकीतून तिला बाबा दिसले, काकूंच्या टोमॅटोपाशी, पाठमोरे, कानाला फोन लावलेले.

“ठमे, कामात नाहीस ना? परत आलेत बघ. या खेपेला तर खोलीत नुसता उच्छाद मांडलाय.”

ती पाईपांना टेकून हळूच खाली बसली.

“पान उलटं करा, बाबा,” ती म्हणाली. “सावकाश. मला वेळ आहे.”