बाबांच्या अंगावरचे पतंग

भादवा सरला की उज्ज्वला राळेगावच्या घरामागच्या बागेत पांढरी चादर बांधायची, दिवा लावायची आणि चादरीवर येऊन बसणाऱ्या पतंगांचे फोटो काढायची. तिचे वडील हिरासिंग शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचे.

यंदा एक राखाडी पतंग आला. तसला तिनं कधीच पाहिला नव्हता. तो दिव्याकडे फिरकलाच नाही, थेट हिरासिंगांच्या खांद्यावर जाऊन बसला. दुसऱ्या संध्याकाळी तसेच आणखी आले. मग रोज वाढतच गेले.

"झटकून टाका ना, बाबा."

"राहू दे वं. थंडी वाजून राह्यली मले. हे बसले का बरं वाटते."

डॉक्टरांना त्या थंडीचं कारण सापडलं नाही. शेवटी एका संध्याकाळी उज्ज्वलानं दिवाच बंद केला. एकही पतंग उडाला नाही. हिरासिंगांचा सदरा आता कुठूनच दिसत नव्हता.

रडकुंडीला येऊन ती दोन्ही हातांनी पतंग झाडू लागली. छातीवरचा थर निघाला, तर खाली पतंगच होते. तेही तिनं झाडले. मग तिच्या हाताला खुर्चीची पाठ लागली.

"हळू वं माय," बाबांचा आवाज आला, "दुखून राह्यलं."